‘येतो’ म्हणाले

शनिवारी आमच्या प्रयोगशाळेच्या संचालकांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. भाषणं झाली. माझ्या मात्र डोळ्यांपुढे त्यांचा हातच होता. आसपासच्या गावांतून विहिरीचं पाणी आलं, की ते बाटली उजेडात धरून हलवत, मग फुकट तपासून देत. निघताना ‘येतो’ म्हणाले आणि रविवारी गावी गेलेसुद्धा.

सोमवारी बरोबर नऊला काचेचं दार आपोआप सरकलं. दारात कुणी नव्हतं. तरी पहारेकरी सावंतमामा उठून म्हणाले, “या सर.”

टेबलावरच्या बाटल्यांपैकी एकीतलंच पाणी डुचमळत होतं.

जाणाऱ्याला आपण ‘जातो’ म्हणूच देत नाही. मग तो खरंच आला, तर अंगावर काटा का यावा?