अमावस्येला वाजलेला माग

माझं अडखळणं लहानपणापासूनचं. आईनं त्यावर इतकं वेखंड चाटवलं, की जिभेची चव गेली, अक्षर काही सुटलं नाही. मग लग्न झाल्यावर आमच्या वडगावातल्या घरात बोलण्याचं काम बायकोकडं आणि माग ओढण्याचं माझ्याकडं, अशी वाटणी झाली. या वाटणीत मीच फायद्यात राहिलो, असं बायको अजून म्हणते.

पुढं मुलगी झाली. चार वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळून बघेना. दिवसभर मागाजवळ बसून सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्यांची रांग लावायची, आणि त्यातली एक जरी कुणी हलवली तरी घर डोक्यावर घ्यायची. गल्ली म्हणाली, "बापावर गेली." बायको म्हणाली, "बापावर गेली असती तर निदान सुरुवात तरी केली असती."

मागाचा ठोका चालू असला की पोरगी शांत. थांबला की कानांवर हात आणि डोकं भिंतीवर. म्हणून ती झोपेपर्यंत मी रोज माग ओढत बसायचो. पण अमावस्येला काय करणार? विणकरांत त्या दिवशी माग बंद. लोकांच्या घरी पूजा, गोडधोड आणि दुपारची झोप. आमच्या घरी पोरीच्या कपाळाला टेंगूळ. एका अमावस्येला कपाळातून रक्तच आलं, तेव्हा मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो आणि माग ओढला.

अख्खी गल्ली सामसूम असताना एकच माग वाजला, तर तो कुणाचा हे शोधावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पंचांनी देवळात बोलावलं. त्यांतले थोरले, ज्यांना सगळी पेठ आप्पा म्हणायची, त्यांनीच विचारलं.

"काय रं, काल माग वडलास व्हय?"

"आप्पा, प... प... प..."

"पाव्हणं आलतं?"

मी मान हलवली. "प... प..."

"पातळं द्यायची हुती लग्नाची?"

अडखळणाऱ्याचं वाक्य पुरं करायची गावाला भारी हौस. माझी अर्धी वाक्यं अशी दुसऱ्यांनीच पुरी केलीत, आणि बरीचशी माझ्यापेक्षा बरी केलीत. पण त्या दिवशी मला पोरीबद्दल सांगायचं होतं, आणि पंच मला पाऊस, पोटदुखी, पितर असं काय काय देत बसले.

"साकु, साकु," आप्पांनी कानडीत मला थांबवलं. "फुडच्या अमावस्येला माग वाजला, तर तुझ्या पाजणीला कोन येनार न्हाय."

पाजणी म्हणजे ताण्याला खळ लावणं. गल्लीभर ताणा पसरायचा म्हणजे शेजाऱ्यांचे हात लागतातच. ते आले नाहीत तर माग बंद, मग अमावस्या असो की पुनव.

हे ऐकून बायकोनं ताण्यातून इकडून तिकडं सूत नेणारा धोटा उचलून बघितला. मग म्हणाली, "इनायचं न्हाय, एवढंच न्हवं? मग इनू नका. धोट्यातली कांडी काढा आन् नुसतं वाजवा." असं म्हणून ती थेट आप्पांच्या दारात गेली, आणि मला सकाळभर जमलं नाही ते पदर सावरता सावरता सांगून आली. आप्पांनी निरोप दिला, "मी सोता बघाय येतो."

अमावस्येला ते आले. धोटा उलटासुलटा करून बघितला. आत सूत नव्हतं.

"हं, वड."

मी सुरुवात केली. आप्पांची नजर पाठीवर, त्यामुळं मागाच्या पावड्या दाबताना पायांचा ताल चुकला. धोटा मध्येच अडकला. तोंड अडखळायची सवय होती, पण माग माझा कधी अडखळला नव्हता. पोरीनं कानांवर हात नेले आणि ती भिंतीकडं सरकली.

"सर तिकडं!" म्हणत आप्पांनी उपरणं कमरेला बांधलं आणि ते स्वतः खड्ड्यात उतरले.

ठक-ठक, ठक-ठक. काय तो हात! पोरीचे हात हळूहळू खाली आले. त्यांच्याकडं एकदाही न बघता ती सरकत आली आणि त्यांच्या मांडीला पाठ लावून बसली. बायकोनं ठेवलेला चहा गार झाला, पण आप्पा थांबले नाहीत. पोर झोपली तेव्हाच उठले.

दारात वळून हळूच म्हणाले, "मी मागावर बसलतो हे कुनाला सांगू नकोस." मग स्वतःच हसले. "तसं तू सांगाय लागलास तर फुडची अमावस्या उजाडंल."

यावर मला फार खरमरीत उत्तर सुचलं होतं. त्याचं पहिलं अक्षर सुटेपर्यंत आप्पा गल्लीच्या टोकाला पोचले होते.