आईच्या वाटणीचा समुद्र

पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. औरंगाबादेत हारतुरे झाले. गुलमंडीवर एका पुढाऱ्यानं जाहीर केलं, "आजपासून समुद्रसुद्धा तुमचा!" निजामाच्या राज्याला किनारा नव्हता, त्यामुळे टाळ्या जोरात पडल्या. समुद्राचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. फक्त आईनं ते मनावर घेतलं. "आपला हाय म्हणतात, तर एकदा पाय बुडवून येऊ."

ती मागंच लागली. शेवटी मी तिला आणि वडिलांना मुंबईहून लाँचनं रेवसला, तिथून एस.टी.नं अलिबागला नेलं. संध्याकाळी परतायचं होतं.

एकेकाळी इथल्या आरमाराला फिरंगी वचकून असत. आम्ही गेलो तेव्हा वचक उरला होता तो खानावळवाल्यांचा, हवा खायला आलेल्या मुंबईकरांवर.

किनाऱ्यावर पोचलो तर ओहोटी. समुद्र पार मागं सरकलेला, समोर ओली वाळू आणि पलीकडे कुलाबा किल्ला. आई हिरमुसली. "ह्यो समुद्र? ह्याच्यापरीस आपलं हर्सूलचं तळं बरं."

"अगं, आधी किल्ला बघ," म्हणत वडील वाळूतून निघाले.

"काका, भरतीच्या आत परता!" एक टांगेवाला ओरडला.

वडिलांनी नुसता हात हलवला. दौलताबादच्या सावलीत वाढलेला माणूस तो. किल्ल्याभोवतीचं पाणी म्हणजे खंदक, आणि खंदक काय जागचा हलतो?

आत गोड्या पाण्याचं तळं होतं, तोफा होत्या. वडील एकेका बुरुजाची दौलताबादशी तुलना करत राहिले. दर वेळी दौलताबाद जिंकलं. बाहेर आलो, तर वाळू नाहीशी झालेली.

टांगेवाला पाण्यातूनच घोडा घेऊन आला. "अलिबागहून आलायस का, म्हणून जग आम्हाला हसतं, काका. तुम्ही कुठून आलात?"

"औरंगाबादहून," धोतर आवरत वडील पुटपुटले आणि टांग्यात चढले. त्यांच्यामागून मीही.

आई चढेना. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं, लुगडं भिजून जड झालेलं.

"अगं, बुडशील!" वडील टांग्यातून ओरडले.

"बुडले तर बुडले. आपलाच हाय ना?"

टांगेवाला हसला आणि घोडा तिच्या चालीनं चालवू लागला. चाकाला धरून ती किनाऱ्यापर्यंत पायी आली.

परतीच्या लाँचवर ओल्या लुगड्यात बसून तिनं बोट चाटून पाहिलं. "लई खारट हाय," ती म्हणाली. वडिलांनी तुलनेसाठी तोंड उघडलं, पण दौलताबादला समुद्र कुठून आणणार?