अक्का, आता तुम्ही सांगा

जगन्माता श्री अंबाबाईच्या चरणी मस्तक ठेवून आणि विघ्नहर्त्याचे स्मरण करून हे लिहायला बसलो आहे. निमित्त मंगल असायला हवे होते. गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या एका धर्मादाय रुग्णालयात पक्षाघाताच्या नव्या विभागाचे उद्घाटन झाले आणि तिथल्या संशोधनाचा गौरव झाला. मंगलाचरण म्हणायला मला बोलावले होते. ते म्हणून मी घरी आलो, पण मनाला शांती नाही. त्या गौरवात एका बाईंचा उल्लेखसुद्धा झाला नाही.

त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायचे झाले की त्या कोपऱ्यातले बुटके स्टूल ओढून त्यांच्यापेक्षा खाली बसत. औषध काय करील, काय बिघडवील, सगळे सांगत आणि मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणत, "अक्का, आता तुम्ही सांगा. मी काय सांगितलं?" समोरच्याला ते स्वतःच्या शब्दांत सांगता आले नाही, तर त्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत.

मेंदूची रक्तवाहिनी बंद पडलेली असताना क्षणाक्षणाला नुकसान होत असते, हे मला त्यांनीच शिकवले होते. म्हणून एकदा मी विचारले, "एवढी घाई असताना हा पाठ म्हणून घेणं परवडतं?"

"गुरुजी, ती घाई माझी आहे," त्या म्हणाल्या. "माणूस त्यांचा आहे."

माझा आणि त्यांचा संबंध असा आला. औषधांच्या चाचण्या नीतीने होतात की नाही, हे पाहणारी एक समिती रुग्णालयात असते आणि तिच्यात वैद्यकाबाहेरचा एक माणूस लागतो. संस्कृत शिकवून निवृत्त झालेला मी त्यांना सोयीचा वाटलो असेन. रुग्णांना द्यायचे माहितीपत्रक मी मोठ्या निष्ठेने मराठीत उतरवले. बाईंनी ते वाचले आणि हसून परत केले. "गुरुजी, हे तुमच्या अंबाबाईला कळेल. हुपरीच्या अक्काला कळायचं नाही."

त्या सीमेकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. वडीलधाऱ्या पुरुषाला अण्णा, बाईला अक्का. आवाज मोठा, राग त्याहून मोठा. चक्कर आलेल्या रुग्णाला पित्ताची गोळी देऊन घरी धाडणाऱ्या डॉक्टरांना त्या फोनवर असे झापत की बाहेर बसलेले लोक आपापल्या चपला शोधू लागत.

हातपाय लुळे न पडताही पक्षाघात होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ताटातली डावीकडची अर्धी भाकरी रोज तशीच टाकते म्हणून एका बाईला सासरी बोलणी खावी लागत होती. डॉक्टरीणबाईंनी तिचे ताट फिरवले. बाईने उरलेली भाकरी खाऊन टाकली. तिच्या मेंदूला डावी बाजूच दिसत नव्हती. "आणि हिला माजलीस म्हणत होते," असे म्हणताना बाईंचा आवाज चढला होता. माझाही चढला असता.

आता मूळ गोष्ट सांगतो.

हातकणंगल्याकडचा एक गुळव्या होता. उसाच्या उकळत्या रसाची काहील, म्हणजे मोठी कढई, चुलाणावरून केव्हा उतरवायची, हे सांगणारा गुऱ्हाळावरचा जाणता माणूस. तिथे त्याचा शब्द अखेरचा. तो म्हणाला थांबा की थांबायचे, उतरवा की उतरवायची. कुणी का म्हणून विचारीत नाही. एका सकाळी त्याचा डावा हात लोंबू लागला, तोंड वाकडे झाले. आणि तो म्हणाला, "मला काय झालंय? काय न्हाय." झाले. गुऱ्हाळावरची सगळी माणसे गप्प बसली. तो एका हाताने हुकूम सोडत राहिला आणि डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीवर कुणी बोट ठेवले नाही. शेवटी बायकोने हट्ट धरून त्याला गाडीत घातले.

संमती कशी घेतात ते पाहायला मी त्या दिवशी तिथे बसलो होतो.

बाईंनी त्याचा लुळा हात उचलून त्याच्यासमोर धरला. "अण्णा, हा हात कुणाचा?"

"तुमचाच असंल."

"माझे दोन्ही हे बघा. मग हा तिसरा कुठनं आला?"

त्याने गंभीरपणे विचार केला आणि बायकोकडे पाहिले. "मग हिचा असंल. ही कायबी कुठंबी ठेवती."

बायकोला आधी हसू आले. मग तिने पदर तोंडाला लावला.

त्याचा धाकटा भाऊ पुढे झाला. "दादा म्हणत्यात काय न्हाय म्हंजे काय न्हाय. आजवर त्यांचा सबूद चुकला न्हाय. चला, घिऊन जाऊ."

"काहिलीतलं त्यांना कळतं," बाई म्हणाल्या. "पण आपला हात आपला आहे, हे जिथं कळतं ती जागाच बंद पडलीय. त्यांना कसं कळणार?" मग त्या स्टुलावर बसल्या आणि बायकोला म्हणाल्या, "अक्का, गुठळी विरघळवायचं औषध आहे. आमच्या चाचणीतलं. लागू पडलं तर हात परत येईल. पण याच औषधानं काहींच्या मेंदूत रक्त फुटतं आणि माणूस दगावतो. आता तुम्ही सांगा."

"तुमी म्हणलासा, हात यील," ती अडखळत म्हणाली. "न्हायतर रगत फुटून माणूस जाईल बी."

"आणि औषध दिलंच नाही तर?"

"मग सोताचा हात माझा म्हणून माझ्याच अंगाव टाकून बसत्यात जलमभर." तिने डोळे पुसले. "द्या औषध."

दुपारी त्याची बोटे हलली. त्याने ती उघडझाप करून पाहिली आणि ओशाळून म्हणाला, "हा माझाच की." दुसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला आणि तो गेला.

येथवर दैव होते आणि दैवापुढे मी हात जोडतो. पुढे जे घडले त्यात दैवाचा काही हात नव्हता.

रुग्णालयाच्या प्रमुखांनी बाईंना सांगितले, "दुसरा झटका आला म्हणून सांगा. लोकांना झटका कळतो." बाई उठल्या आणि त्या विधवेसमोर जाऊन बसल्या. "अक्का, औषधानंच रक्त फुटलं. दुसरं काही नाही." भाऊ खवळला. त्या बाईने त्याला हातानेच थांबवले. "त्यांनी सांगितलेलं. मीच माझ्या तोंडानं म्हणून दावलेलं." थोड्या वेळाने तिने विचारले, "ह्यांचं लिवून ठेवणार न्हवं तुमी? दुसऱ्या डाक्टरास्नी कळाय?"

"नाव नाही लिहीत अक्का. पण एक माणूस असा गेला, हे लिहीन."

वाचकहो, एवढेच वचन होते. ते पाळण्यात कुणाचेच काही जाणार नव्हते. पण चाचणीचे निष्कर्ष उजळ दिसायला हवे होते. समितीत प्रमुखांनी युक्तिवाद मांडला की रुग्ण स्वतःच मला काही झालेले नाही म्हणत होता, म्हणून त्याची संमती ग्राह्य नाही, म्हणून त्याला अभ्यासातून वगळावे. ज्या आजारासाठी त्याला औषध दिले त्याच आजाराचे लक्षण त्यांनी त्याच्याविरुद्ध वापरले. पत्नीची संमती नियमाप्रमाणे घेतली होती, मी साक्षीला होतो, आणि मी ते सांगितले. हातात चहाचे कप धरलेल्या सुशिक्षितांनी माना खाली घातल्या आणि बहुमताने एक मेलेला माणूस गाळला. जिवंतपणी त्याच्या चुकीच्या शब्दाला सगळ्यांनी मान दिला. मेल्यावर त्याच्या खऱ्या मृत्यूला कुणी दिला नाही. शास्त्र म्हणजे जे पाहिले ते सांगणे, असे मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो. जे सोयीचे तेवढेच सांगणे याला माझ्या भाषेत दुसरा शब्द आहे आणि तो देवाचे नाव घेऊन सुरू केलेल्या लेखात मी लिहिणार नाही.

बाई भांडल्या. मग त्यांनी चाचणीच्या शोधनिबंधावरून आपले नाव काढून टाकायला लावले आणि नोकरी सोडली. जाण्याआधी पाया पडायला घरी आल्या. मी म्हणालो, "राहून लढला असता तर?"

"लढले की गुरुजी. हरले. आता हरलेल्या कागदावर सही तरी कशाला?" चहा तसाच गार होऊ देऊन त्या गेल्या. सीमेपलीकडे कुठल्याशा लहान रुग्णालयात आहेत, असे ऐकतो.

उद्घाटनाच्या दिवशी मी संयोजकांना विचारले, "बाईंचे नाव नाही?" ते हसून म्हणाले, "त्यांनीच काढून घेतलं, गुरुजी. तुम्ही तेवढा श्लोक म्हणा." मी श्लोक म्हटला. तो देवीसाठी होता. त्या मंडळींसाठी एक अक्षरही नव्हते.

बाहेर पडलो तर फाटकाशी ती गुळव्याची बायको उभी. दिराने पेपरात वाचून दाखवले म्हणून आली होती. तिने मला ओळखले.

"त्यात आमचं मालक हायत न्हवं?"

खोटे सांगणे फार सोपे होते. मी म्हणालो, "नाहीत."

"आणि बाईंचं नाव?"

"तेही नाही."

तिने आतल्या मांडवाकडे एकवार पाहिले. मग पदर सावरत म्हणाली, "मग ठीक हाय. बाईबी आमच्या मालकांच्या संगट बाहीर आल्या म्हणायच्या." आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली.

वाचकहो, आई अंबाबाई तुमच्या घरातल्या लहानथोरांना निरामय ठेवो. आणि कधी तुमच्या उंबऱ्यात दुःख आलेच, तर ते तुम्हांला खरे सांगितले जावो.