दुबाराचाचा आणि ई-क्लासची टेकडी

आमच्या गावात कुणाकडे कागद आला की तो माझ्याकडे यायचा. मी डी.एड. करून घरी बसलो होतो, तेवढाच माझा उपयोग. चाचांचा कागद मात्र माझ्याकडून निघून थेट भास्कर शिंप्याकडे जायचा. भास्करशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं, आणि चाचांना नेमकं तेच हवं होतं. ज्यांचं आपसांत पटत नाही असे दोघे एकच गोष्ट वाचून दाखवतात, तेव्हा ती खरी, असा त्यांचा हिशेब. "दुबारा वाचून घेतो, राग नोको येऊ देऊ," असं म्हणून उठायचे. राग यायचाच. गावानं त्यांचं नावच दुबाराचाचा पाडलं होतं.

चाचा गाद्या-रजया भरायचे आणि चार-सहा शेळ्या पाळायचे. कापसाची भुकटी भुवयांवर बसलेली असायची, त्यामुळे त्यांचं बघणं आणखीनच संशयी वाटे. फुकट मिळालेल्या वस्तूला ते हात लावत नसत. गावामागच्या टेकडीचा दगड पाहायला खाणवाल्या कंपनीची गाडी आली, तेव्हा सगळ्यांनी साहेबांचा चहा घेतला. चाचा तेवढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "साहेब शिकवलेलं बोलते, डायवर पाह्यलेलं बोलते." आधीच्या गावात टेकडी गेली, मग चराई गेली, मग विहिरींचं पाणी खाली गेलं, एवढं त्यांनी विडी संपेपर्यंत काढून घेतलं होतं.

टेकडी ई-क्लासची, म्हणजे सरकारी, पण गुरं साऱ्या गावाची. कंपनीला ती विकत हवी होती आणि त्यासाठी ग्रामसभेचा होकार लागत होता. गाव दुभंगलं. पोरांना काम मिळेल, डांबरी रस्ता होईल, असं अर्धे म्हणत. उरलेल्यांकडे गुरं होती. चाचांचं तर निम्मं पोट त्या उतारावर चरत होतं. पारावर ते एकदाच बोलले. "विकलेली गाय बाजारातून वापस आनता येते. टेकडी कोन्त्या बाजारात भेटन?" पोरं हसली. खरं सांगायचं तर मीही हसलो.

ग्रामसभेत चाचा शेवटपर्यंत हलत नसत. नोटिशीत अगदी खाली 'आयत्या वेळचे विषय' असं छापलेलं असतं. लोक कंटाळून घरी जातात, आणि जे कुणाला कळू द्यायचं नसतं ते तेव्हा येतं, हे त्यांनी कधीच हेरलं होतं. सचिव रजिस्टर मिटून पेनाला टोपण लावेपर्यंत ते दाराशी बसून राहायचे. त्यांना पाहून सरपंचांच्या कपाळाला आठी पडे.

त्या दिवशीच्या सभेची नोटीस चाचांना मीच वाचून दाखवली. घरकुल, नळयोजना, दिवाबत्ती. भास्कर लेकीकडे लोणारला गेलेला, त्यामुळे दुबारा वाचायला कुणी नव्हतं. सभा अर्ध्यावर असताना शेळी विण्यात अडल्याचा निरोप आला. चाचा उठले, दारात थांबले आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"टेकडीचं काही निंघन का रे आज?"

"विषयच नाही चाचा. जा तुम्ही."

ते गेले. आता मला माहीत होतं का? तर सकाळीच सरपंचांनी मला शेवटपर्यंत थांबायला सांगितलं होतं, आणि कंपनीच्या ऑफिसात शिकलेला माणूस लागणार आहे, हेही त्याच दमात सांगितलं होतं. का थांबायचं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणूनच विचारलं नाही. तासाभरानं पंधरा-वीस लोक उरले होते. टेकडी विकायला गावाची हरकत नाही, असा ठराव आला. हात वर झाले. मी सही केली.

चाचांनी मोताळ्याला तहसीलात तक्रार दिली. चौकशीला साहेब आले, पंचायतीत सगळ्यांना बसवलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. तुम्ही सभेला हजर होता, मग मधूनच का गेलात? कुणी जायला सांगितलं का?

मी समोरच बसलो होतो. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"शेळी अडली होती साहेब. मीच गेलो."

तक्रारदार स्वतःहून निघून गेले, असं साहेबांनी लिहून घेतलं. तक्रार तिथंच संपली.

टेकडीला तारेचं कुंपण पडलं. चाचांनी शेळ्या विकल्या आणि ते मलकापूरला मुलाकडे राहायला गेले. मी कंपनीच्या वजनकाट्यावर कामाला लागलो. आता दगडाच्या गाड्यांच्या पावत्या फाडतो. समोरून कुणी गोड बोललं की याला काय हवं असेल, हेच आधी मनात येतं. ही खोड चाचांची. फरक इतकाच की त्यांना लोकांचा संशय यायचा, मला स्वतःचाच येतो.

चाचा वारल्याचं कळलं तेव्हा मी मलकापूरला गेलो. मुलाला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. त्यानं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यासरशी त्यानं माझा हात धरला, आत नेऊन बसवलं आणि बायकोला म्हणाला, "हेच थे. अब्बा म्हनत, अख्ख्या गावात भरोसा ठेवावा असा हा एकच."

मी चहा घेतला आणि काही न बोलता परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर हजर होतो.