बेंचवर ओके
इकडे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या वर्कशॉपात मी दुर्बिणी दुरुस्त करतो. रायफलच्या दुर्बिणीपुढे थर्मल कॅमेरा बसवतात, अंगाच्या उष्णतेवरून अंधारातही दिसावं म्हणून. तोही माझ्याच टेबलावर येतो. दसऱ्यानंतर एका शूटिंग क्लबाचा तसला कॅमेरा दोनदा परत आला. तक्रार एकच, हा लावला की गोळी उजवीकडे जाते. दोन्ही वेळा मी तो तपासणीच्या बेंचच्या पकडीत धरून तपासला. केसभरही फरक नाही. माझं डोकंच फिरलं. नेम यांना धरता येत नाही आणि खापर फोडायचं माझ्या डोक्यावर! दोन्ही रिपोर्टांवर मी ठसठशीत 'ओके' लिहिलं आणि सही ठोकली.

तिसऱ्यांदा मॅनेजर म्हणाला, यल्ला, चल, आता स्वतः जाऊन बघ.

सकाळी सातला क्लबाच्या रेंजवर पोचलो, तोवर शर्ट पाठीला चिकटला होता. निशाणाचे कागद बदलायला तिथे एक म्हातारा पठाण होता, सगळे त्याला चाचा म्हणत. गोळीबार चालू असताना तो निशाणाच्या उजव्या हाताला, वाळूच्या पोत्यांच्या भिंतीआड बसायचा. उजवीकडे. तक्रारीत तो शब्द मी दोनदा वाचला होता, आणि त्या बाजूला कोणी असतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

चाचाने मला भिंत दाखवली. वरच्या थरातली तीन पोती फाटली होती. हे मंगळवारचं, हे परवाचं, हे कालचं, असं तो बोटाने दाखवत गेला. हल्ली बसत नाही, आडवाच पडून राहतो म्हणाला. आधी कोणाला सांगितलं का नाही, म्हणून मी उलट त्याच्यावरच खेकसलो.

"उस्ताद, आपने लिखा था ना, ओके," तो शांतपणे म्हणाला. "तो मैंने सोचा, ओके ही होगा."

मी त्याला माझ्या मागे उभं केलं. तिथल्या प्रशिक्षकाने आधी कॅमेऱ्याशिवाय गोळी झाडली, ती मधोमध लागली. कॅमेरा चढवून झाडली, तर चौथं पोतं फुटलं. एरवी त्याच्यामागेच चाचाचं डोकं असायचं.

कॅमेरा रायफलवर एका रिंगने आवळतात. बेंचला स्वतःची पकड आहे, त्यामुळे ती रिंग मी कधी तपासलीच नव्हती. आत बोट फिरवलं. एका बाजूला खरखरीत खपली लागली. नखाने खरवडली, तर लाल.

कुंकू. खंडेनवमीला वर्कशॉपात हत्यारांची पूजा केली होती. एसीच्या वाऱ्याने उडू नये म्हणून बायकोने दिलेलं कुंकू तेलात कालवलं आणि दिसेल त्या वस्तूला बोट लावत सुटलो. हा कॅमेरा तेव्हा सर्व्हिसिंगला आलेला. रिंगेत ते वाळून घट्ट झालं, कॅमेरा किंचित तिरका बसायला लागला, आणि निशाणापर्यंत त्या किंचितचं हातभर अंतर झालं. मी ते लावून वर नमस्कारही केला होता.

रिंग पुसली. पुढच्या तिन्ही गोळ्या मधोमध. चाचा कागद नाचवत आला. आता सांगून टाकायचं ठरवून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर घामाने ओल्या, लाल झालेल्या माझ्या बोटाकडे गेली.

"कट गया, उस्ताद?"

मी हो म्हणून मान हलवली. त्याने खांद्यावरच्या रुमालाची पट्टी फाडली आणि माझ्या धडधाकट बोटाला घट्ट बांधली. त्याच हाताने मी रिपोर्टवर 'रिंगमध्ये धूळ' असं लिहिलं आणि खाली सही केली.