चिमीच्या जेवणाचे नमुने

आमचे हे, प्रफुल्ल चुरी, बोईसरच्या एका औषध कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासायला होते. समोर आलेलं प्रत्येक पिंप आधी खोटं धरायचं, ही त्यांची नोकरी. असा माणूस निवृत्त होऊन माकुणसारला घरी बसला की काय होतं, ते मला विचारा. दूधवाल्याचं दूध, वाण्याची हळद, माझी फोडणी, सगळ्यांची तपासणी सुरू झाली.

त्यांचा विश्वास एकाच जिवावर, आमच्या करड्या मांजरीवर. चिमीला ते पोटच्या पोरीसारखं जपायचे. "मासळी कसल्या पाण्यात ठेवतात कोण जाणे," म्हणून त्यांनी तिची मासळी बंद केली आणि स्वतः तिच्यासाठी रांधायला लागले. दुधी, गाजर, मूगडाळ, भात. मीठ नाही, तेल नाही. स्वतः मात्र बोंबील सोडले नाहीत. आपण मोठे, आपल्याला पचतं म्हणे!

कारखान्यात प्रत्येक मालाचा थोडा नमुना जपून ठेवतात. पुढे तक्रार आली तर पुरावा हवा ना. तसाच दर सोमवारी चिमीच्या जेवणाचा नमुना डबीत भरून, वर तारीख आणि जिन्नस लिहून ते फ्रीजरमध्ये ठेवत. माझ्या मटारांना जागा उरली नाही.

केळव्याहून मासळी घेऊन येणारी नवसी आमच्या मागच्या पायरीवर बसून मासे साफ करी आणि डोकी हळूच चिमीला टाकी. मला ठाऊक होतं. चिमी खुशीत होती, म्हणून मी गप्प होते.

एक दिवस चिमी ओकली आणि ह्यांनी नवसीला पायरीवरच गाठलं.

"काय घातलंस तिला?"

"डोकी टाकली, भाऊ. मी काय इख घालीन मुक्या जीवाला?"

"उद्यापासून ही पायरी चढायची नाही."

नवसी टोपली उचलून निघून गेली. खरं सांगते, माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. मी तिची बाजू घेतली नाही.

सात-आठ महिन्यांनी चिमीची ओट्यावरची उडी चुकायला लागली. मग ती दाराच्या चौकटीला धडकू लागली. तिची नजर जात चालली होती. ह्यांनी शेजारच्या वाडीतली फवारणी धरली, मग टाकीचं पाणी धरलं. शेवटी मला धरलं.

"जागृती, माझ्यामागे तू काय देतेस तिला?"

चाळीस वर्षांच्या संसारात मी इतकी कधी दुखावले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही चिमीला घेऊन पालघरला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डॉक्टर स्नेहल, वयाने आमच्या मुलीएवढ्या. ह्यांनी बर्फाच्या पेटीतून सगळ्या डब्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. "कोणीतरी विष घालतंय. तुलनेला हे माझे शुद्ध नमुने."

बाईंनी चिमीच्या डोळ्यांत उजेड टाकला. मग एकेक डबी उचलून वाचत गेल्या.

"काका, ह्यात मासळी, मटण काहीच नाही?"

"कणभरही नाही," हे छाती काढून म्हणाले.

"मांजर मांसावर जगणारं जनावर आहे. तिच्या डोळ्यांना, हृदयाला लागणारं एक सत्त्व मांस-मासळीतूनच मिळतं. बहुतेक तेच कमी पडलंय. गेलेली नजर येणार नाही. उरलेली सांभाळू."

"तपासणीआधीच कसं सांगता?"

"रक्त तपासूच. पण तुम्हीच तर लिहून ठेवलंय, आठवड्यावार."

ह्यांनी डब्या एकेक करून परत पेटीत भरल्या. नवसीची ती डोकीच चिमीला तारत होती, हे मलाही तेव्हाच कळलं. मलाही माझी लाज वाटली.

सकाळी रस्त्यावर नवसीची हाक आली. हे अनवाणी फाटकापर्यंत गेले. "नवसी, चुकलो मी. पायरीवर ये."

ती आली, बसली. बांगडा कापता कापता म्हणाली, "मासळी ताजी हाय, भाऊ. आदी तुमच्या डबीत भरून ठेवा थोडी. आमचा काय भरवसा नाय."

ह्यांनी मान खाली घातली. "डॉक्टरीणबाईंनी उकडून, काटे काढून द्यायला सांगितलंय," एवढंच पुटपुटले. आतून चिमी वास घेत आली. ह्यांनी हात पुढे केला. तिला तो दिसला नाही. ती त्यांच्या पायाला धडकली, बाजूने गेली आणि नवसीच्या मांडीला अंग घासू लागली.