सगळ्यांनी विचारलं

वयनी चहाचा कोप टेबलावर ठेवायची, पण त्यावरची बोटं लगेच उचलायची नाही. तुम्ही मान वर करून तिच्याकडे पाहिलंत की मगच हात काढायची आणि म्हणायची, "पयलो घोट घे. मागीर काय तें सांग." तोवर तुमचा चेहरा तिचा वाचून झालेला असे. तुम्ही सांगायला तोंड उघडलंत की अर्धी हकीकत तिला आधीच ठाऊक असल्यासारखी ती चुलीकडे वळायची.

तिला सगळेच वयनी म्हणत. ट्रकवाले, कंडक्टर, पंचायतीतले लोक, तिच्याहून कितीतरी मोठे असलेले जमीनदार भाटकारसुद्धा. तिचं खरं नाव मी एकदाच ऐकलं, तेही कोर्टात. ते ऐकून मला कुणा परक्या बाईचं नाव पुकारल्यासारखं वाटलं, म्हणून इथे लिहीत नाही.

मी तेव्हा डिचोली तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेवर शिक्षक होतो. शाळेसमोरून खनिजाचे ट्रक जायचे आणि रस्त्याच्या वळणावर वयनीचं दुकान होतं. दोन बाकं, एक चूल, पत्र्याचं छप्पर. नवरा खाणीवर फिटर होता, तो छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. माहेर बांद्याकडचं. दीरांनी "परत जा" म्हटलं, तर हिनं चूल पेटवली.

लोक तिच्याकडे चहाला येत आणि हरवलेल्या वस्तू शोधून मागत. कुणाची छत्री, कुणाची शेळी, कुणाच्या लग्नातली नथ. ती जागची हलायची नाही. चार माणसांना चहा पाजायची, दोन प्रश्न विचारायची आणि संध्याकाळी सांगायची, "घरांतच आसा. तांदळाच्या डब्यांत हात घालून पळय." मी एकदा विचारलं, "तुला कळतं तरी कसं?"

"म्हाका खंय कळटा, मास्तर? हांव बसतां. लोक येतात."

ते भाषेच्या वादाचे दिवस होते. तुम्ही त्या काळात गोव्यात असाल, तर घराघरात कसे दोन गट पडले होते ते तुम्हाला सांगायला नको. वयनीच्या दुकानात मराठीवाले चुलीजवळच्या बाकावर आणि कोकणीवाले दाराजवळच्या बाकावर बसत. मधून ती चहा घेऊन फिरायची. तिची स्वतःची भाषा अर्धी डिचोलीची कोकणी, अर्धी बांद्याची मालवणी, त्यामुळे तिला कुणीच आपल्यात ओढलं नाही.

एके सकाळी दुकानाच्या भिंतीवरचं मराठीवाल्यांच्या सभेचं पोस्टर फाटलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी कोकणीवाल्यांचं फाटलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाकांवरची माणसं उभी राहिली आणि एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. वयनी ओल्या हातांनी बाहेर आली. भिंतीकडे बघत राहिली.

"मनीस पोस्टर वयल्यान फाडटा," ती म्हणाली. "हें सकयल्यान गेलां. आनी ओलें आसा."

पोस्टर खालून, गुडघ्याएवढ्या उंचीपासून फाटलं होतं. ते चिकटवायला पिठाची खळ वापरली होती. भाटकाराचं एक खोंड पहाटे मोकळं सुटायचं, ते दोन्ही बाजूंची पोस्टरं भेदभाव न करता चाटून खात होतं. कॉलर सुटली. त्या दिवशी दोन्ही बाकं हसली आणि वयनीनं सगळ्यांना फुकट चहा पाजला. मला वाटतं, त्यानंतर ते दुकान तसं पुन्हा कधी हसलं नाही.

कारण त्याच थंडीत भीमाप्पा गेला.

भीमाप्पा बेळगावकडचा मजूर. रस्त्याच्या कडेचं गटार बांधायला त्याची टोळी आली होती. त्याची बायको यल्लव्वा आणि तो दुकानामागच्या माळावर झोपडीत राहत. एका पहाटे दाट धुक्यात तो पदेराकडून पाव आणायला निघाला आणि वळणावर त्याला ट्रकनं उडवलं. ट्रक थांबला नाही. उजाडल्यावर पदेराला तो रस्त्याकडेला सापडला, तेव्हा प्राण गेलेला होता. पोलीस आले, त्यांनी माप घेतलं, पंचनामा केला. त्या रस्त्यानं पहाटे पन्नास ट्रक जायचे. कुणी काही पाहिलं नव्हतं.

मी शाळेत जाताना वळणावरची गर्दी पाहून थांबलो तेव्हा वयनी यल्लव्वाला आत घेऊन बसली होती. एका हातानं तिची पाठ धरली होती, दुसऱ्या हातानं गिऱ्हाईकांना चहा देत होती. चूल तिनं बंद ठेवली नाही. मला ते थोडं निष्ठुर वाटलं होतं.

सदा नावाचा एक ड्रायव्हर होता. दोडामार्गाकडचा, तिशीतला, मोठ्यानं हसणारा. वयनीच्या हातचं कित्येक वर्षं जेवत होता. तिला ताप आला तर डिचोलीहून औषध आणणारा तोच, छप्पर गळलं तर पत्रा ठोकणाराही तोच. त्याच्याशी ती माहेरच्या मालवणीत बोलायची. इतरांना पाव एक, सदाला दोन, आणि वर ओरडा: "चावून खा रे, खय पळूक नाय तो पाव!"

भीमाप्पा गेल्यानंतरच्या चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी दुकानात बसलो होतो. सदा आला. वयनीनं त्याच्यापुढे कोप ठेवला आणि समोरच्या बाकावर बसली. ती गिऱ्हाइकासमोर कधी बसत नसे.

"सदा, त्या दिवशी तू एक इचारलंस नाय."

"काय गे?"

"गर्दी कित्याक जमली ती. त्या दिवशी जो कोण आयलो, त्येना पयला ताच इचारलां. मास्तरांनी इचारलां, कंडक्टरांनी इचारलां, आंधळ्या गणूनसुद्धा इचारलां. तू आयलंस, चाय पिलंस, गेलंस. इचारलंस नाय."

सदा हसायला गेला. हसू आलं नाही. कोप उचलला, तर चहा बशीत सांडला.

"गाडी वळणापलीकडे लावलंस," वयनी हळू आवाजात म्हणाली. "रोज दारात लावतंस. आनि म्होरलो भाग तेवढो धुतलंस. खाणीच्या सीझनात कोण ट्रक धुता रे?"

मग सदा खाली मान घालून बोलू लागला.

"धुक्यात काय एक दिसाक नाय, वयनी. धक्को बसलो. कुत्रो असतलो असां वाटलां."

"मगे?"

"आरशात बघलंय." त्यानं कोप खाली ठेवला. "तो हात हालयत होतो."

"आनि तू गेलंस."

"गेलंय."

वयनीनं डोळे मिटले. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. पण ती एकाएकी इतकी म्हातारी दिसली, की मी उठून तिच्यासाठी पाणी आणलं. तिनं ते घेतलं नाही.

"पोलिसांक तू सांगतलंस?" सदानं विचारलं.

"नाय. तू सांगतलंस. मी वांगडा येतंय."

"माका फाशी देतले?"

"फाशी देवचे नाय. पण आधी तिका सांग."

यल्लव्वा मागच्या बाजूला कोप धूत होती. वयनीनं तिला हाक मारली. सदा तिच्यासमोर उभा राहिला आणि सांगू लागला. यल्लव्वाला कानडीशिवाय फारसं काही येत नव्हतं. त्यानं एकदा सांगितलं, मग पुन्हा, मग मोडक्या हिंदीत. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी त्यानं हातानं स्टिअरिंग धरल्यासारखं केलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि त्याला पुढचं करवेना. तेव्हा तिला कळलं.

ती ओरडली नाही. तिनं एकच काहीतरी विचारलं. त्यातला 'नीर' एवढाच शब्द आम्हाला समजला.

"इचारता," वयनी म्हणाली, "त्येना पाणी मागल्यान काय?"

सदा तिथेच खाली बसला. "माका ठावक नाय," तो म्हणाला. "मी थांबाकच नाय." हे वयनीला कानडीत सांगता आलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्या दिवशी ती सदाबरोबर पोलीस चौकीपर्यंत चालत गेली. दुकान उघडंच होतं. मी आणि यल्लव्वा चुलीशी बसून राहिलो.

खटला चालला. वयनीची साक्ष झाली. विचारलं तेवढं तिनं सांगितलं, आणि शेवटी न विचारताच म्हणाली, "तो आपणहून आयलो, साहेब. तां लिवून घ्या." साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही, कोण जाणे. सदाला शिक्षा झाली.

मग रस्त्यानं वयनीला शिक्षा दिली. "वयनीन आपलो मनीस पोलिसांत दिलो," असं ट्रकवाल्यांत पसरलं. सगळ्यांच्याच अंगावर कधी ना कधी धुक्यातली एखादी पहाट आली असणार. अशी बाई वळणावर बसलेली कुणालाच नको होती. ट्रक थांबेनासे झाले. वेग न उतरवता वळण घेऊन जायचे आणि लाल धूळ थेट चुलीवर यायची. मग गावातलेही कमी झाले. जिच्या नजरेला सगळं दिसतं तिच्यासमोर बसून चहा पिणं आता कुणाला सोसेना.

एकदा सदाची आई आली. दोडामार्गाहून दोन गाड्या बदलून आली होती. दुकानासमोर उभी राहून म्हणाली, "माज्या झिलाक तूच जेवक घातलंस, आनि तूच तुरुंगात घातलंस." वयनीनं चुलीवर आधण ठेवलं. तिच्यासाठी चहा केला, नेऊन दिला. म्हातारीनं तो हातात घेतला, रस्त्यावर ओतला आणि कोप नीट पायरीवर ठेवून गेली.

मी त्या संध्याकाळी न राहवून म्हणालो, "वयनी, गप्प राहिली असतीस तर?"

"मी गप रवलंय असतंय, मास्तर," ती म्हणाली. "तो रवलो असतो? त्या दिवशी चाय पिताना त्येचो हात बघलंय मी. तसो हात घेवन मनीस किती वर्सां गाडी चालयतलो?"

ती तुरुंगात त्याला भेटायला जायची. पहिल्या खेपेला परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात? म्हणाली, "झोप येता काय, इचारलंय. येता म्हणालो." एवढंच सांगून ती भांडी घासायला बसली. त्यानंतर कुणाची वस्तू हरवली, कुणी येऊन विचारलं, तर म्हणायची, "माका कळणा नाय गो आता." आणि खरंच मान वर करून बघायची नाही.

गोवा घटक राज्य झाला त्या दिवशी गावात मिरवणूक निघाली. फटाके वाजले, पेढे वाटले. दोन्ही बाजूंचे लोक दुकानावरून नाचत गेले. वयनीनं मोठं भांडं भरून चहा केला होता. दोघंतिघं थांबले. उरलेला तिनं आणि यल्लव्वानं दिवसभर गरम करून ठेवला.

यल्लव्वा गावी परत गेली नव्हती. टोळी गेली, ती राहिली. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसत. पण त्या पावसाळ्यात वयनीची छाती भरली, तेव्हा तिला उठवणं, बसवणं, पेज भरवणं, सगळं यल्लव्वानं केलं. शेवटी तिच्या उशाशी तीच होती. दीर आले ते दुसऱ्या दिवशी. तेरावा झाला आणि यल्लव्वा एक गाठोडं घेऊन बेळगावच्या गाडीत बसली. जाताना मला हात जोडले.

सदा सुटून आला तो सरळ दुकानाकडेच. मी शाळेच्या दारातून पाहिलं: बारीक झालेला, केस पिकलेले, बंद फळ्यांसमोर उभा. त्याला कुणी कळवलं नव्हतं. मलाच सांगावं लागलं.

तो पायरीवर बसला. म्हणाला, "एकटी होती?"

"नाही. यल्लव्वा होती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खरं की खोटं, हे बघत असावा. मग तोंड ओंजळीत घेऊन, लहान मूल रडतं तसा आवाज करून रडला.

दुपारच्या ट्रकांची रांग सुरू झाली होती. पलीकडच्या बाजूला दोडामार्गाची गाडी लागायची. सदा रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. एक ट्रक गेला, दुसरा गेला, मध्ये मोकळा रस्ता पडला, तरी त्याचं पाऊल उचललं नाही. मी जाऊन त्याचा हात धरला. तो हात गार होता. आम्ही दोघं धुळीतून पलीकडे गेलो.